आतड्याच्या गाठीचे निदान बरणीत हरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान आतड्यात अडथळा येऊन तातडीची शस्त्रक्रिया झाली की तालुक्याच्या गावी पुष्कळदा एकच क्रम असतो. सर्जन बाहेर येतात, ट्रेमधला काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवतात आणि थोड्या वेळाने सिस्टर एक बरणी हातात देऊन सांगतात, ‘ही लॅबमध्ये देऊन या.’ त्या बरणीचे पुढे काय होते, यावर रुग्णाचे पुढचे सगळे उपचार ठरतात. एका दुर्मीळ कर्करोगात हे फार स्पष्ट दिसते. लहान आतड्याच्या भिंतीत, जिथे असायला नको तिथे, स्वादुपिंडाचा एखादा तुकडा असतो आणि त्यातून हा कर्करोग उद्भवतो. आजार दुर्मीळ असला तरी त्याच्या निदानात ज्या ठिकाणी चुका होतात, त्याच ठिकाणी आतड्याच्या इतर गाठींच्या बाबतीतही होतात. म्हणून जरा तपशिलात लिहीत आहोत.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना ते आतड्याच्या नळीतून दोन कोंबांच्या रूपात फुटते, एक पाठीच्या बाजूने आणि एक पोटाच्या बाजूने. पोटाकडचा कोंब पित्तनलिकेबरोबर ड्युओडिनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, वळसा घालून मागे जातो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या कोंबाला जुळतो. या हालचालीत काही पेशी शेजारच्या भिंतीत अडकतात आणि तिथेच वाढतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे असे तुकडे मुख्यतः जठराच्या खालच्या भागात, ड्युओडिनममध्ये आणि जेजुनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या, वरच्या टोकाला सापडतात. इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग), मेकेल्स डायव्हर्टिक्युलम (इलियमला जन्मतः असलेली छोटी पिशवी) किंवा पित्ताशय ही त्यांची कमी आढळणारी ठिकाणे. मुख्य स्वादुपिंडाशी त्यांचा ना नळीने संबंध असतो, ना रक्तवाहिनीने. ज्याँ शुल्त्झ यांनी १७२७ मध्ये अशा तुकड्याची पहिली नोंद केली आणि क्लोब यांनी १८५९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पक्की केली.

ही गोष्ट वाटते तितकी विरळ नाही. शवविच्छेदनांच्या निरनिराळ्या पाहण्यांत अर्ध्या टक्क्यापासून १३ टक्क्यांपर्यंत लोकांत असे तुकडे सापडले आहेत, तर पोटाच्या वरच्या भागातल्या साधारण ५०० शस्त्रक्रियांमागे एकात ते दिसतात. बहुतेक एक-दोन सेंटिमीटरचे असतात आणि जन्मभर काही त्रास देत नाहीत. त्यांच्यात कर्करोग झाल्याचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मालिकांत ०.७ ते १.८ टक्के असे दिले जाते. पण शस्त्रक्रिया त्रास असलेल्यांचीच होते. गप्प बसलेले तुकडे या हिशेबात येत नाहीत, म्हणून खरा धोका याहूनही बराच कमी असला पाहिजे. ज्यांच्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘हेटरोटोपिक पॅन्क्रिया’, म्हणजे भरकटलेले स्वादुपिंड, असे शब्द आले आहेत त्यांनी आधी हे वाक्य पुन्हा वाचावे. जठराच्या खालच्या टोकाशी, मध्यभागी बेंबीसारखा खळगा असलेला छोटा उंचवटा, काही त्रास नाही आणि आकार वाढत नाही, अशा स्थितीत तो काढण्याची गरज नसते. दर वर्षी पेट स्कॅन करण्याचीही नाही. त्याचा मधुमेहाशी, खाण्यापिण्याशी किंवा मुख्य स्वादुपिंडाच्या प्रकृतीशी काही संबंध नाही.

आता ज्या थोड्यांत कर्करोग होतो त्यांच्याकडे वळू. स्वादुपिंडाच्या ऊतीत तीन प्रकारच्या पेशी असतात: पाचकरस तयार करणाऱ्या, तो वाहून नेणाऱ्या नलिकांच्या, आणि इन्सुलिनसारखी संप्रेरके सोडणाऱ्या. कर्करोग बहुधा नलिकांच्या पेशींतून होतो, म्हणजे मुख्य स्वादुपिंडात होतो तोच डक्टल अॅडिनोकार्सिनोमा. मुख्य ग्रंथीत कर्करोगाआधी नलिकांच्या अस्तरात जे बदल दिसतात, तेही या भरकटलेल्या तुकड्यांत सापडलेले आहेत. आजवरचे बहुतेक रुग्ण जठरातले आहेत. लहान आतड्यातले रुग्ण एकेकटे नोंदवले गेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे निदान शस्त्रक्रियेनंतर, पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर झाले.

इतका उशीर का होतो? पहिले कारण आतड्याच्या भिंतीच्या रचनेत आहे. भिंतीला आतून बाहेर चार थर असतात: आतले अस्तर म्हणजे म्युकोसा, त्याखाली सबम्युकोसा, मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर सिरोसा. आतड्याचा नेहमीचा कर्करोग अस्तरात सुरू होतो, तिथे जखम होते, दुर्बिणीतून ती दिसते आणि चिमट्याने तुकडा घेता येतो. भरकटलेले स्वादुपिंड मात्र सुमारे तीन-चतुर्थांश वेळा सबम्युकोसात असते, उरलेल्या वेळी त्याहून खोल. आंब्याच्या कोयीत भुंगा असावा आणि साल मात्र नितळ असावी, तसा हा प्रकार असतो. बायोप्सीचा चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा अस्तराचा तुकडा आणतो. त्याचा रिपोर्ट येतो, ‘सौम्य दाह, कर्करोगाचा पुरावा नाही.’ रिपोर्ट खरा असतो, पण तो फक्त सालीचा असतो. गाठ दिसत असताना अशा रिपोर्टवर फाइल बंद करणे ही पहिली चूक.

दुसरे कारण जागेचे. नेहमीची गॅस्ट्रोस्कोपी ड्युओडिनमच्या दुसऱ्या भागापर्यंत जाते आणि कोलोनोस्कोपी इलियमच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत. मधले जवळजवळ सगळे लहान आतडे दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहते. पन्नाशीच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरले, तर वरून आणि खालून दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात, हे आता बऱ्याच डॉक्टरांच्या अंगवळणी पडले आहे. पण दोन्ही स्वच्छ आल्या, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आले आणि गोळ्या थांबवल्यावर पुन्हा उतरले, तर उरलेले आतडे पाहायचे राहिले आहे हे विसरले जाते. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळा होतो. रक्तस्रावाने होणारा संडास डांबरासारखा, चिकट आणि उग्र वासाचा असतो. गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला हा फरक विचारलाच पाहिजे.

तिसरे कारण आपल्याकडचे आहे आणि त्यावर आम्हाला आग्रहाने बोलायचे आहे. जेवल्यानंतर अर्ध्या-एक तासाने बेंबीभोवती कळा, पोटात गुडगुड, फुगारा, उलटी झाली की बरे वाटणे, वजन उतरणे आणि सीटी स्कॅनमध्ये आतडे एका जागी आवळलेले. आपल्या देशात हे चित्र दिसले की मनात आधी क्षयरोग येतो आणि पुष्कळदा तोच असतो. म्हणून तुकडा न तपासता सहा महिन्यांचे क्षयाचे औषध सुरू करण्याचा मोह होतो. यात दोन अडचणी आहेत. आतड्याच्या क्षयाची आवडती जागा इलियम आणि मोठे आतडे जुळतात तिथली. ती जागा निरोगी आणि वर जेजुनममध्ये एकच आखूड, जाड, एका बाजूला फुगलेला आवळ, हे चित्र क्षयापेक्षा गाठीकडे जास्त बोट दाखवते. दुसरी अडचण अशी की क्षय बरा झाल्यावरही आवळ व्रणाने कायम राहू शकतो. म्हणजे औषधानंतर आतडे मोकळे झाले नाही तर ‘क्षय होता, आता व्रण राहिला’ हे स्पष्टीकरण तयारच असते आणि गाठीला आणखी सहा महिने मिळतात. क्षयाचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणी आतड्याच्या तुकड्यात बऱ्याचदा खऱ्या क्षयातही निगेटिव्ह येते, तेव्हा तीही एकटी निकाल देत नाही. औषध सुरू करावे लागलेच तर दोन महिन्यांनी वजन, भूक, ताप आणि स्कॅन यांचा हिशेब मांडावा. वजन वाढत नसेल आणि कळा तशाच असतील तर ऊती मिळवल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहू नये.

लहान आतड्यासाठी साधा सीटी पुरत नाही. सीटी एंटेरोग्राफी मागावी लागते. चार ते सहा तास उपाशी राहून रुग्णाने साधारण दीड लिटर मॅनिटॉल मिसळलेले पाणी ४५ मिनिटे ते एक तास थोडे थोडे प्यायचे असते, म्हणजे आतडे पाण्याने फुगते आणि भिंत वेगळी दिसते. मग शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन चित्रे घेतात. आधी मूत्रपिंडांसाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहायचे. पूर्ण अडथळा असेल, उलट्या चालू असतील तर हे पाणी पाजायचे नाही. आतड्यात साचलेले द्रवच तिथे पुरते. पांढरा दिसणारा तोंडी कॉन्ट्रास्ट दिला तर भिंतीची चमक त्यात बुडून जाते, ही चूक अजूनही होते. रुग्णही घाईघाईत अर्धा लिटर पिऊन थांबतात आणि मग मिटलेले आतडे गाठीसारखे दिसते.

स्कॅनमध्ये भरकटलेले स्वादुपिंड बहुधा चपटे असते, उंचीच्या किमान १.४ पट लांब. त्याच्या कडा पुसट असतात आणि वरचे अस्तर जास्त चमकते. आतड्याच्या भिंतीतली जिस्ट नावाची गाठ गोल आणि रेखीव कडांची असते. न्यूरोएंडोक्राइन गाठ (संप्रेरके सोडणाऱ्या पेशींची) लहान असून सुरुवातीच्या टप्प्यातच भडक उजळते आणि मेसेंटरी, म्हणजे आतड्याला रक्तवाहिन्या पोहोचवणारा आणि पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा पडदा, आपल्याकडे ओढून घेते. कर्करोग झाला की भिंत एका अंगाने जाड होत जाते, वरचे आतडे फुगते, मेसेंटरीत लसिकाग्रंथी मोठ्या दिसतात. ही लक्षणे दिशा दाखवतात एवढेच. यावरून नक्की निदान कोणी सांगितले तर सावध व्हावे.

कॅप्सूल एंडोस्कोपीचे नाव आता रुग्णच घेऊन येतात. ती कॅप्सूल २६ मिमी लांब आणि ११ मिमी जाड असते. आवळ असलेल्या आतड्यात ती अडकून बसते आणि शस्त्रक्रिया ओढवते, म्हणून आधी स्कॅन, मग कॅप्सूल. शिवाय अस्तराखालची गाठ तिच्या नजरेतून निसटू शकते आणि तिला तुकडा घेता येत नाही. तुकडा हवा असेल तर डबल बलून एंटेरोस्कोपी. जपानचे हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले हे तंत्र मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. दोन फुग्यांच्या आधाराने आतडे दुर्बिणीवर चुण्या घालत गोळा केले जाते आणि खोलवर पोहोचता येते. गाठ दिसली की एकाच जागी चिमटा पुन्हा पुन्हा लावून खोल तुकडा घ्यायचा आणि शेजारी काळ्या शाईची खूण करायची, नाहीतर शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला मीटर-मीटर आतडे चाचपत बसावे लागते. ड्युओडिनममधल्या गाठीसाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी उत्तम, कारण तिच्यात भिंतीचे थर वेगळे दिसतात आणि सुईने थेट गाठीतून ऊती घेता येते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या सीए १९-९ या पदार्थाच्या तपासणीवर फार विसंबू नये. नुसती कावीळ असली तरी हा आकडा वाढतो. शिवाय काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. त्यांच्यात कर्करोग पसरलेला असला तरी आकडा साधाच येतो.

शस्त्रक्रियेत गाठ नुसती खरवडून किंवा सोलून काढणे पुरेसे नाही. आतड्याचा तेवढा भाग, दोन्ही बाजूंना साधारण पाच सेंटिमीटर निरोगी आतड्यासह, आणि त्याला लागून मेसेंटरीचा पंख्यासारखा भाग मुळापर्यंत काढावा लागतो, कारण लसिकाग्रंथी त्यात असतात. जेजुनम किंवा इलियमच्या कर्करोगात किमान आठ ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत. त्याहून कमी मिळाल्या तर ‘ग्रंथी स्वच्छ’ या वाक्याला वजन राहत नाही. रात्री दोन वाजता अडथळ्यासाठी पोट उघडले तरी हा नियम पाळता येतो. मेसेंटरीचा पंखा काढायला जास्तीची काही मिनिटे लागतात, आणि नंतर दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही हा कठीण प्रश्न त्यामुळे टळतो. पोट बंद करण्याआधी जेजुनमच्या सुरुवातीपासून इलियमच्या शेवटापर्यंत सगळे आतडे हाताखालून घालावे, यकृत आणि पेरिटोनियम (पोटाचे आतले आवरण) पाहावे. ड्युओडिनममधली गाठ पित्तनलिकेच्या तोंडाशी असेल तर प्रश्न वेगळा होतो. तिथे व्हिपल शस्त्रक्रियेसारखी, म्हणजे स्वादुपिंडाचे डोके आणि ड्युओडिनम एकत्र काढण्याची, मोठी उलथापालथ करावी लागू शकते आणि ती रोज करणाऱ्या केंद्रातच व्हावी.

शस्त्रक्रिया चालू असतानाच फ्रोझन सेक्शन, म्हणजे लगेच गोठवून तपासायचा तुकडा, पाठवले जाते तेव्हा एक उलटा धोका असतो. निरोगी भरकटलेल्या स्वादुपिंडाच्या नलिका स्नायूंच्या थरात विखुरलेल्या दिसतात आणि घाईत तयार केलेल्या गोठवलेल्या कापात त्या हुबेहूब भिंतीत घुसलेल्या कर्करोगासारख्या भासतात. तिथे पॅथॉलॉजिस्ट बारीक गोष्टी शोधतो. नलिका गुच्छागुच्छाने आहेत की वाटेल तशा पसरल्या आहेत? एकाच नलिकेतल्या दोन पेशींच्या केंद्रकांच्या आकारात चौपट फरक आहे का? नलिकेचे वर्तुळ कुठे अर्धवट तुटले आहे का? मज्जातंतूभोवती नलिका गेली आहे का? गुच्छरचना टिकून असेल आणि बाकीच्या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर असेल तर कर्करोगाचा शिक्का मारू नये. शंका असेल तर पॅथॉलॉजिस्टने तसे सांगावे आणि सर्जननेही पक्क्या रिपोर्टची वाट पाहावी. एका शब्दावर व्हिपल शस्त्रक्रिया उभी राहू शकते, याची जाणीव दोघांनाही हवी.

आणि आता ती बरणी. स्वादुपिंडाच्या ऊतीत पाचक द्रव्ये असतात. रक्तपुरवठा तुटला की ती आपल्याच पेशी पचवू लागतात, आणि म्हणूनच हा तुकडा आतड्याच्या इतर तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर, जमल्यास अर्ध्या तासात, तो फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, गेला पाहिजे. त्याआधी आतडे मेसेंटरीच्या विरुद्ध कडेने, गाठीला सुरी न लावता उघडावे आणि आतला मळ सलाइनने हलकेच धुवावा, घासू नये. द्रावण १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन असावे. बाजारातल्या ३७ ते ४० टक्क्यांच्या फॉर्माल्डिहाइड द्रावणाचे १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम, असा त्याचा साधा पाठ आहे. नळाच्या पाण्यात अंदाजाने फॉर्मालिन ओतले तर द्रावण आम्लधर्मी होते, ऊतीत तपकिरी-काळे कण बसतात आणि नंतरच्या विशेष तपासण्या बिघडतात.

द्रावण ऊतीच्या किमान दहापट हवे. फॉर्मालिन आत शिरते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. दोन वीत आतडे लोणच्याच्या बरणीत कोंबले तर बाहेरून ते राखाडी आणि घट्ट दिसते, पण मधोमध, जिथे गाठ आहे तिथे, ऊती कुजत राहते. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्यावी, म्हणजे घट्ट झालेला तुकडा फाडून बाहेर काढावा लागत नाही. सलाइन, स्पिरिट किंवा बर्फ हे फॉर्मालिनला पर्याय नाहीत. नाव, वय, तारीख आणि ‘जेजुनम’ की ‘इलियम’ हे बरणीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नको. लॅबमध्ये झाकणे बदलली जातात. सोबतच्या अर्जावर रुग्णाचा त्रास, स्कॅनमध्ये काय दिसले, शस्त्रक्रियेत काय दिसले आणि क्षयाचे औषध चालू होते का, हे चार ओळींत असावे. कोरा अर्ज आला की पॅथॉलॉजिस्ट अंधारात काम करतो. बरणी घट्ट बंद करून दोन पिशव्यांत घालावी, गाडीत उन्हात ठेवू नये, वास घेऊ नये.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती आहे. खात्रीसाठी म्हणून तुकड्याचे दोन भाग करून दोन लॅबमध्ये देऊ नका. कर्करोग एका अर्ध्यात आणि निरोगी स्वादुपिंड दुसऱ्या अर्ध्यात गेले तर दोन्ही रिपोर्ट अपुरे येतात आणि ते अपुरेपण नंतर भरून निघत नाही. दुसरे मत हवे असेल तर पहिल्या लॅबमधून मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) आणि स्लाइड मागा. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरून आलेले ब्लॉक आणि स्लाइड नव्याने तपासले जातात.

लॅबमध्ये २४ ते ४८ तास तुकडा मुरल्यावर काप घेतले जातात. गाठ तीन सेंटिमीटरच्या आतली असेल तर ती सगळी ब्लॉकमध्ये घ्यावी, असे आमचे मत आहे. खर्च काही ब्लॉकचा वाढतो, पण याच ठिकाणी या आजाराचे निदान होते किंवा निसटते. भरकटलेल्या स्वादुपिंडातून कर्करोग झाला असे म्हणायला गिलू आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सुचवलेल्या तीन अटी वापरल्या जातात: गाठ त्या तुकड्यात किंवा त्याला लागून असावी, निरोगी स्वादुपिंडाकडून कर्करोगाकडे जाणारा बदल सलग दिसावा, आणि कर्करोग नसलेल्या भागात पूर्ण विकसित रसग्रंथी आणि नलिका असाव्यात. मधली अट सर्वांत अवघड. गाठीच्या मध्यातून दोन काप घेऊन थांबले तर निरोगी भाग आणि कर्करोग यांचा तो सांधा कापातच येत नाही आणि रिपोर्ट ‘लहान आतड्याचा अॅडिनोकार्सिनोमा’ असा जातो. कधी वाढत्या कर्करोगाने मूळचा तुकडा पुरता गिळलेला असतो. मग कितीही काप घेतले तरी सिद्ध करता येत नाही, आणि पॅथॉलॉजिस्टने तसे प्रामाणिकपणे लिहावे.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी, मदत करते, पण निकाल देत नाही. सीके ७ हा रंग स्वादुपिंडाच्या कर्करोगात बहुधा उमटतो, पण लहान आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगातही तो बऱ्याचदा उमटतो. म्हणून या रंगांपेक्षा साध्या स्लाइडवर दिसणारा सांधा जास्त मोलाचा. आणखी एक शक्यता खोडून काढावीच लागते. मुख्य स्वादुपिंडातला कर्करोग आतड्यापर्यंत पोहोचला असेल का? त्यासाठी स्वादुपिंडाचा वेगळ्या पद्धतीचा सीटी किंवा एमआरआय, शस्त्रक्रियेआधी झाला नसेल तर नंतर, केलाच पाहिजे.

रिपोर्टमध्ये आतड्याचा भाग, गाठीचे माप, ती कोणत्या थरापर्यंत गेली, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित, दोन्ही टोके व मेसेंटरीची कड किती अंतरावर स्वच्छ, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंभोवतीची घुसखोरी, आणि भरकटलेल्या स्वादुपिंडात तीनपैकी कोणत्या पेशी आहेत, हे सगळे असावे. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएमआर प्रथिनांची तपासणीही मागावी. ती प्रथिने हरवलेली असतील तर आजार पसरल्यास इम्युनोथेरपीचा मार्ग खुला होतो आणि लिंच सिंड्रोमची (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शक्यता असल्याने घरच्यांनाही जनुकीय सल्ला द्यावा लागतो. थराच्या नोंदीबद्दल एक खुलासा करायला हवा. नेहमीच्या कर्करोगात गाठ अस्तरातून खाली उतरते, म्हणून थर हे प्रवासाचे माप असते. इथे गाठ सबम्युकोसात किंवा स्नायूंत जन्मलेली असते. थरावरून तिचा टप्पा जास्त वाटला तरी ती लहान आणि ताजी असू शकते. केमोचा निर्णय घेताना मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला हे माहीत असावे.

केमोबद्दल या आजारावर स्वतंत्र चाचणी झालेली नाही, आणि इतक्या दुर्मीळ आजारात ती होणेही अवघड. म्हणून दोन मार्ग वापरले जातात. लहान आतड्याच्या कर्करोगासारखे उपचार, म्हणजे ऑक्झॅलिप्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन. किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगासारखे. दुसऱ्या मार्गाचा मोठा आधार प्रॉडिज २४ ही फ्रान्स आणि कॅनडातली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. मुख्य स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारित फॉल्फिरिनॉक्स (फ्लुरोयुरॅसिल, इरिनोटेकॅन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन एकत्र) दिलेल्यांत आजार न उलटण्याचा मध्यक काळ २१.६ महिने होता, फक्त जेमसिटाबिन दिलेल्यांत १२.८, आयुष्याचा मध्यक ५४.४ महिने विरुद्ध ३५. पण तो उपचार कडक आहे. दर दोन आठवड्यांनी एक, अशी २४ आठवड्यांत बारा सत्रे, आणि चाचणीत धडधाकट रुग्णच घेतले होते. आमचे मत असे: सांधा सिद्ध झाला असेल, ग्रंथी बाधित असतील आणि प्रकृती झेपणारी असेल तर स्वादुपिंडाच्या पद्धतीने जावे. प्रकृती नाजूक असेल तर दोन औषधांचा सौम्य मार्ग. फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनपूर्वी डीपीवायडी जनुकाची तपासणी मागावी. या जनुकापासून बनणारे, ही औषधे शरीरात मोडणारे एन्झाइम कमी असलेल्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या दिवसांत थंड पाणी आणि फ्रिजमधल्या वस्तू टाळाव्यात. इरिनोटेकॅननंतर जुलाब सुरू झाले तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे.

पहिली दोन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि स्कॅन, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, हा पाठपुरावा रास्त आहे.

आमची मागणी साधी आहे. आतड्याचा काढलेला कोणताही तुकडा, मग तो मेकेल्स डायव्हर्टिक्युलम असो, एकात एक शिरलेल्या आतड्यातली गाठ असो की हर्नियात अडकून काळा पडलेला भाग असो, हिस्टोपॅथॉलॉजीशिवाय, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय, फेकला जाऊ नये. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बफर्ड फॉर्मालिन आणि रुंद तोंडाच्या बरण्या हातमोजे आणि टाक्यांच्या दोऱ्याइतक्याच नियमित पुरवल्या जाव्यात. बरणी लॅबपर्यंत पोहोचवणे ही नातेवाइकांची धावपळ न राहता रुग्णालयाची जबाबदारी असावी. तोवर ज्यांच्या हातात ती बरणी येईल त्यांनी निघण्यापूर्वी झाकण न उघडता तीन गोष्टी पाहाव्यात: तुकडा पूर्ण बुडून वर पुरेसे द्रावण आहे का, बरणीच्या अंगावर नाव आहे का, आणि अर्ज भरलेला आहे का. लॅबमधून पावती घ्यावी. डिस्चार्जच्या वेळी रिपोर्ट, शस्त्रक्रियेची टिपणे आणि स्कॅनची सीडी मागून घ्यावी आणि ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या क्रमांकाने ठेवले आहेत, ते रिपोर्टच्या पाठीमागे लिहून ठेवावे.

आपले,
एक पोटाचे सर्जन आणि एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे